आले

रहिमतपूर-कोरेगाव रस्त्याला, फाळक्यांच्या केंद्रावर
चीनहून नवीन मशीन आलं.
आलं धुवायचं.
हे वाक्य परगावच्या माणसाला
दोनदा सांगावं लागतं.

पिवळ्या पत्र्यावर काळी दोन अक्षरं, वीतभर उंचीची.
सयाजी फाळके म्हणाले, दिलावर, हे बुजव
आणि वर लिही, भैरवनाथ ॲग्रो.

चाळीस वर्षं अक्षरं काढतोय मी,
'येथे थुंकू नये'पासून कार्यसम्राटांपर्यंत.
ब्रश कुठं टेकला, कुठं उचलला,
हे न येणाऱ्या लिपीतही कळतं.
छापील होतं, पण कधीतरी कुणीतरी हातानं काढलं असणार:
दुसऱ्या अक्षराच्या उभ्या रेघेत
कुठंच हात कापलेला नव्हता.
डबा उघडून बसलो. हात जाईना.

फाळक्यांची मयूरी पुण्यात ती भाषा शिकलेली.
चहा घेऊन आली, तिला विचारलं.
"याचा अर्थ येणं," म्हणाली,
"पण मुळात हा गहू, काका."

टेम्पोच्या धुळकट काचेवर तिनं बोटानं काढला:
खोड, वाकलेली पानं, खाली मुळ्या.
तीन हजार वर्षांमागं हाडांवर कोरायचे म्हणे.
आता 'ये' लिहायचं, तर चित्र कशाचं काढणार?
येण्याला आकार नसतो.
गव्हाचा उच्चार जवळचा, म्हणून गहू उसना घेतला.
उसनं परत गेलंच नाही.
गव्हासाठी मग दुसरं चिन्ह:
तेच रोप, खाली एक पाऊल.

"पाऊल तर येणाऱ्याला पाहिजे," मी म्हणालो.
"तेच ना. काही जण म्हणतात, अदलाबदल झाली.
याचं त्याला गेलं, त्याचं याला.
आता कोण मागायला जातंय?"
मग तिनं जुनं वळण काढलं, 來,
खोडाच्या दोन्ही अंगांना दोन माणसं टेकल्यासारखी.
मशीनवर त्यांचे नुसते दोन ठिपके उरलेले.

मी शिकलगार. आजा विळ्यांना धार लावायचा,
त्याचा आजा तलवारींना.
माझ्या घरात आता कांदा चिरायची सुरीसुद्धा बोथट.
मी अक्षरांना धार लावतो, असं म्हणता येईल,
पण बायको हसेल.

"आणि आधीचं अक्षर?"
"ते 'अजून नाही'.
दोन्ही मिळून, अजून न आलेलं.
म्हणजे भविष्य. कंपनीचं नाव आहे."

त्या दिवशी गाडीला भाव अकरा हजार.
मागल्या साली साठ होता.
दारात दोन गाड्या माल, बेण्यासकट,
आणि फाळके फोनवर कुणाला तरी सारखं विचारत होते,
आलं का, आलं का.
पैसे की माल की माणूस, कळेना.

मी पहिल्या अक्षरावर पिवळा मारला.
एका हातात जाईना, दोन हात दिले.
दुसरं ठेवलं, त्याच्या बाजूनं भैरवनाथ बसवला
जरा दाटीनं.
फाळके म्हणाले, हे का सोडलंस?
म्हटलं, गहू आहे. असू द्या.
बिलातून पन्नास रुपये कापले त्यांनी.

रंग हलका होता, त्यांनीच आणलेला.
आता दुपारचं ऊन आडवं आलं
की 'अजून नाही' खालनं पुसट दिसतं.
मी कुणाला दाखवत नाही.

परवा गेलो तर बायका पाण्याखाली कंद चोळत होत्या.
हौसा, जिला सही करायलाही अंगठा लागतो,
पत्र्याकडं बघत म्हणाली,
पेंटर, हे रोप कशाचं काढलंय?
मी म्हटलं, मी नाही काढलं.

बराच वेळ बघत राहिली ती.
मुळ्या बऱ्या धरल्यात, म्हणाली,
आणि पुढची पाटी ओढली.